दाब, प्रवाह आणि रोध : काही रूढ समजुती

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांनी पश्चिमेस वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रे फिरू लागली, त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत पोचली. तथापि ज्या पाटण तालुक्यात हे धरण उभे आहे, तेथेही विजेच्या हिशेबाविषयी काही समजुती अद्याप निर्वेध नांदत आहेत.

पहिली समजूत अशी की, डोंगरावरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारांतून वीज अधिक वाया जाते. आणि जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये सांगितलेला नियम तिच्या समर्थनार्थ पुढे केला जातो, की दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढलाच पाहिजे. नियम खरा, पण लावला तो भलत्याच ठिकाणी. दहा किलोवॉट शक्ती २३० व्होल्टांनी पाठविली तर दहा हजारांस २३० ने भागून सुमारे ४३.५ अँपिअर प्रवाह येतो. ११,००० व्होल्टांनी पाठविली तर तो ०.९१ अँपिअर भरतो. तारेचा रोध एक ओहम धरला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या न्यायाने पहिल्या प्रकारात सुमारे १,८९० वॉट तारेतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतात, दुसऱ्यात एक वॉटही नाही. ११,००० व्होल्टांचा दाब दोन तारांमधला आहे, तारेच्या दोन टोकांमधला नव्हे. ओहमचा नियम तारेला लावताना तिच्या टोकांमधला दाबच घ्यावयाचा, आणि तो येथे ०.९१ व्होल्टच आहे.

दुसरी समजूत, जास्त वॉटच्या दिव्याचा रोध जास्त. वस्तुतः २३० व्होल्टांवर शंभर वॉटचा तारेचा दिवा ०.४३५ अँपिअर घेतो, म्हणून त्याचा रोध ५२९ ओहम. चाळीस वॉटच्या दिव्याचा मात्र १,३२२ ओहम. दिवा काढून मीटरने मोजणाऱ्यास याच्या दशांशाहूनही कमी आकडा दिसतो, त्यात मीटरचा काही अपराध नाही : टंगस्टनची तार थंड असते तेव्हा तिचा रोध अल्प असतो. दाबाला प्रवाहाने भागून येणारा रोध त्या क्षणीच्या अवस्थेचा असतो. तो वस्तूवर कायमचा कोरलेला नाही.

सायंकाळी दाब उतरला म्हणजे वीजबिलात बचत होते, ही तिसरी समजूत. दोन हजार वॉटच्या पाणी तापविण्याच्या हिटरचा रोध २६.४५ ओहम, दाब १८० वर आला की शक्ती १,२२५ वॉट उरते खरी, परंतु तेच पाणी तापण्यास वेळ सव्वापटीहून बराच अधिक, म्हणजे १.६३ पट लागतो आणि युनिटे तितकीच पडतात.

नदीकाठच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटारीची कैफियत तर याच्या उलट आहे. पंपाचा भार तोच राहिला तर मोटार उणा दाब अधिक प्रवाह ओढून भरून काढते. दाब एक पंचमांशाने घटता प्रवाह सुमारे सव्वापट होतो आणि वेटोळ्यांतील उष्णता दीडपटीच्याही वर जाते. शिवाय मोटारीची शक्ती केवळ दाब गुणिले प्रवाह अशी काढता येत नाही. त्या गुणाकाराला शक्तिगुणांकानेही गुणावे लागते, आणि तीन फेजांची मोटार असेल तर तीनच्या वर्गमूळानेही.