एसेस हाय

एसेस हाय : ‘आयर्न मेडन’ (स्थापना लंडन, १९७५) ह्या इंग्लिश हेवी मेटल वाद्यवृंदाचे एक प्रसिद्ध गीत. ते स्टीव्ह हॅरिस (१९५६– ) यांनी रचले असून ‘पॉवरस्लेव्ह’ (१९८४) ह्या संग्रहात समाविष्ट आहे. त्याच वर्षी त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाही निघाली. विमानहल्ल्याचा इशारा मिळताच आकाशात झेपावणारा, १९४० मधील ब्रिटनच्या हवाई युद्धातील लढाऊ वैमानिक हा त्याचा विषय. शत्रूची किमान पाच विमाने पाडणाऱ्या वैमानिकास ‘एस’ म्हणतात.

१९८४-८५ च्या जागतिक दौऱ्यात चर्चिल यांच्या युद्धकालीन भाषणाचा अंश ऐकवून ह्या गीताने कार्यक्रमास आरंभ होत असे. २००८ च्या दौऱ्यात हाच क्रम पुन्हा योजण्यात आला. ह्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर झाला. वादक, तंत्रज्ञ व सर्व सामग्री एकाच बोइंग-७५७ विमानातून नेण्यात आली. गायक ब्रूस डिकिन्सन (१९५८– ) हे व्यावसायिक वैमानिकही असल्याने ते विमान स्वतः चालवीत.

दौऱ्यावरील ‘फ्लाइट ६६६’ (२००९) ह्या अनुबोधपटाबरोबर निघालेल्या संग्रहात १६ शहरांतील प्रत्येकी एक गीत आहे. त्यांतील पहिले, ‘एसेस हाय’, मुंबईचे होय. मूळ मुद्रणात दोन गिटार होत्या, येथे तीन आहेत. शिवाय श्रोत्यांचा घोष वाद्यनादात मिसळलेला असल्याने मुंबईचा श्रोतृवर्गही ह्या मुद्रणाचा घटक ठरला आहे.