स्थानिक नेटवर्कमधील लूप : शोध आणि प्रतिबंध

नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकोनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचे संगणक नेटवर्क कोलमडले आणि काही दिवस तेथील कामकाज पुन्हा कागदावर आणावे लागले. त्यामागे कोणाची घुसखोरी नव्हती. एकास एक स्विच जोडत नेटवर्क इतके लांबले होते की, लूप म्हणजे चक्राकार मार्ग रोखणारी व्यवस्थाच अपुरी पडली. संगणकांवर परीक्षा घेणाऱ्या महाविद्यालयांनीही या घटनेची कारणमीमांसा समजून घेणे आवश्यक आहे.

स्विचकडे येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या तुकड्यावर, पाठवणाऱ्या व घेणाऱ्या यंत्राचा पत्ता असतो. पाठवणारा कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद स्विच ठेवतो. घेणाऱ्याची नोंद नसेल किंवा फ्रेम सर्वांसाठी असेल, तर ती ज्या पोर्टवरून आली तो वगळून अन्य सर्व पोर्टवर तिच्या प्रती जातात. दोन स्विच दोन केबलींनी जोडलेले असल्यास एकीने गेलेली प्रत दुसरीने परतते व पुन्हा पसरते. इंटरनेट प्रोटोकॉलच्या पाकिटावर आयुर्मर्यादेचा अंक असतो. प्रत्येक राउटर तो एकाने घटवतो व शून्य होताच पाकीट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेमला अशी आयुर्मर्यादाच नाही. परिणामी एकच फ्रेम अखंड फिरत राहते. १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सर्वांत लहान, ६४ बाइटच्या, फ्रेम सेकंदाला सुमारे १,४८,००० जाऊ शकतात, आणि सर्वांसाठीची प्रत्येक फ्रेम प्रत्येक संगणकाला स्वीकारावीच लागते.

मग दुहेरी केबल टाकूच नये काय? तसे केल्यास एक केबल तुटताच संपूर्ण इमारत खंडित होईल. हा पेच डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील संशोधिका रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री पद्धतीने सोडवला. सर्व स्विच परस्परांना दर दोन सेकंदांनी बीपीडीयू नावाचे संदेश पाठवून एक मूळ स्विच निवडतात, त्याच्याकडे जाणारा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग खुला ठेवतात आणि उरलेले मार्ग बंद करतात. खुला मार्ग तुटल्यास बंद मार्ग जागा होतो. मूळ पद्धतीत यास ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या सुधारित जलद पद्धतीत हे काम बहुधा काही क्षणांत होते. जुन्या पद्धतीतील प्रचलित कालमर्यादा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सात स्विच गृहीत धरून ठरवलेल्या होत्या. बोस्टनमध्ये नेटवर्कचा एक भाग दहा टप्पे दूर गेला होता.

महाविद्यालयात मात्र लूप बहुधा प्रयोगशाळेतील टेबलाखाली जन्मतो. मोकळे दिसलेले केबलीचे टोक कोणीतरी सद्हेतूने भिंतीतील सॉकेटमध्ये खोचतो. तेथील स्वस्त, व्यवस्थापनरहित स्विच स्पॅनिंग ट्री जाणत नाही. तो बीपीडीयू जसाच्या तसा पुढे पाठवत असेल, तर वरच्या स्विचवरील बीपीडीयू गार्ड तो पोर्ट बंद करतो. पण तो संदेश गिळून टाकत असेल, तर हे संरक्षण निरुपयोगी ठरते. अशा ठिकाणी स्वतःची खूणफ्रेम पाठवून ती परत आल्यास पोर्ट बंद करणारी लूप-शोध सुविधा हवी, आणि तिच्या जोडीला सर्वांसाठीच्या फ्रेमचे प्रमाण मर्यादित ठेवणारे वादळ-नियंत्रण.

लूपची लक्षणे स्पष्ट असतात. सर्व पोर्टचे दिवे एकाच लयीत अखंड लुकलुकतात. स्विचच्या नोंदवहीत एकच पत्ता या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारताना दिसतो. मध्यवर्ती स्विचकडून एकेक शाखा सोडवत जावे. जी केबल काढताच दिवे शांत होतात, त्या शाखेतच दोष असतो. घाईने सर्व स्विच बंद करून सुरू केल्यास वादळ क्षणभर शमते, पण केबल जागच्या जागी असल्याने ते परतते, आणि दरम्यान नोंदीही पुसल्या जाण्याचा संभव असतो.

प्रतिबंधातील सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. संगणक सुरू होताना पोर्ट ३० सेकंद थांबतो व त्यास वेळेत आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून स्पॅनिंग ट्रीच बंद करण्यात येते. वास्तविक संगणकांचे पोर्ट ‘कडेचे पोर्ट’ म्हणून घोषित केल्यास ही प्रतीक्षा टळते. तसेच सर्व स्विचचा अग्रक्रम ३२७६८ असाच राहू दिल्यास सर्वांत लहान पत्त्याचे, अनेकदा सर्वांत जुने, यंत्र मूळ स्विच होऊन बसते. मध्यवर्ती स्विचला ४०९६ हा अग्रक्रम दिल्यास ते स्थान त्याच्याकडे राहते.