व्यालेली म्हैस आणि पेशींतील चुना

म्हैस सुखरूप व्यावी, वार पडावी, चीकहि भरपूर निघावा, आणि दुसऱ्या दिवशीं पाहावें तों ती मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गार, उठवूं गेल्यास उठत नाहीं, असा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांवर आला असेल. या विकारास दुग्धज्वर म्हणतात. नांव चुकीचें आहे, कारण ज्वर नसून अंग उलट थंड पडतें. पण रूढ नांव बदलणें आमच्या हातीं नाहीं.

१० लिटर चिकांत २० ग्रॅमांहून अधिक कॅल्शियम, म्हणजे चुन्यांतील मूलद्रव्य, जातें. मोठ्या गाईच्या सर्व रक्तद्रवांत मात्र तें एका वेळीं ३ ग्रॅमांच्या आसपासच असतें. हाडांतून पुरेशी भरपाई होण्यापूर्वींच जनावर आडवें होतें. चुना तुटला तर हाडें ठिसूळ व्हावीं हें समजतें. स्नायू कां लुळे पडावे? याचें उत्तर पेशीच्या पोटांत आहे.

रक्तांत मोकळें कॅल्शियम जेवढें असतें, त्याचा सुमारें दहा हजारावा हिस्साच पेशीच्या आंत मोकळा असतो. चुनखडीच्या रानांत सुपरफॉस्फेट टाकलें असतां त्यांतील स्फुरद चुन्याशीं बांधला जातो व पिकास मिळेनासा होतो, हा अनुभव शेतकऱ्यांस नवा नाहीं. पेशीचा सारा व्यवहार स्फुरदयुक्त द्रव्यांवर चालतो. आंत चुना साठला तर तोच घोटाळा तेथें व्हावयाचा. म्हणून आलेलें कॅल्शियम पेशी बाहेर उपसते, आंतल्या कोठारांत भरते, आणि तोंपर्यंत तिचीं प्रथिनें त्यास धरून ठेवतात. खळ्यावरून शंभर पायल्या ज्वारी यावी, ती पेंवांत व कणगींत जावी, आणि ओसरीवर दोनतीन पायल्याच उघड्या दिसाव्या, तसा हा प्रकार. ओसरी अशी झाडलेली असते म्हणूनच थोडें कॅल्शियम आंत शिरलें तरी पेशीस ती खूण ओळखतां येते. मज्जातंतूच्या टोकांत तें शिरलें कीं स्नायूस आज्ञा पोंचते. रक्तांतच तें कमी पडलें, तर आज्ञा पुरती पोंचत नाहीं.

हें मोजलें कसें? लंडन येथें १८८३ सालीं सिडनी रिंगर यांनीं दाखविलें कीं, नळाच्या पाण्यांत मीठ घालून त्यांत बेडकाचें हृदय ठेवलें तर तें बराच वेळ चालतें, आणि ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यास लवकर थांबतें. फरक नळाच्या पाण्यांतील चुन्याचा होता. पेशीच्या आंत डोकावण्यास मात्र पुढें फार वर्षें जावीं लागलीं. १९६२ सालीं ओसामु शिमोमुरा प्रभृतींनीं एका जेलीमाशापासून, कॅल्शियम लागतांच उजळणारें एक्वोरिन हें प्रथिन काढलें. १९९१ सालीं एडिंबरो येथें तें तंबाखूच्या रोपांत उतरविण्यांत आलें, आणि थंडीचा धक्का बसतां, नव्हे नुसता स्पर्श होतांच, रोपें उजळलीं! त्यापूर्वीं १९८५ मध्यें रॉजर चेन व त्यांचे सहकारी यांनीं फुरा-२ हा रंग पुढें आणला होता. त्यावर दोन तरंगलांबींचा अतिनील प्रकाश पाडून परत येणाऱ्या उजेडांचें प्रमाण काढलें कीं कॅल्शियमचा अंदाज मिळतो.

यांत एक मौजेची अडचण आहे. हा रंग स्वतःच कॅल्शियम धरतो. माप घालणाऱ्यानेंच धान्य मापांत ठेवून घ्यावें तसें. १९९२ मध्यें एर्विन नेहर व जॉर्ज ऑगस्टीन यांनीं या दोषाचाच उपयोग केला. गाईच्या मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या पेशींत रंग कमीअधिक घालून, तो मुळींच नसता तर काय दिसलें असतें, याचा हिशेब त्यांनीं मांडला. आंत शिरलेल्या शंभर कणांपैकीं फार तर दोनतीनच मोकळे राहतात असें त्यावरून निघतें.

आतां गोठ्याकडे. पडलेल्या जनावरास तोंडावाटे कांहींहि पाजूं नये. गिळण्याची शक्ति गेलेली असल्यानें तें श्वासनलिकेंत उतरतें. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट पशुवैद्यानेंच शिरेवाटे द्यावें, तेंहि सावकाश व हृदयाचे ठोके ऐकत, कारण घाईनें दिल्यास तेंच औषध हृदय बंद पाडतें. वेळेवर मिळाल्यास जनावर पुष्कळदां थोड्याच वेळांत उभें राहतें. मात्र कांहीं तासांनीं तें पुन्हां बसण्याचा संभव असतो, म्हणून त्या रात्रीं गोठ्यांत माणूस ठेवावा.