नेट बंद, बिल चालू? आधी तक्रार क्रमांक घ्या

धान खरेदीची नोंदणी असो की पोरांचा परीक्षेचा फॉर्म, पवनी-लाखांदूरकडच्या गावांत घरचं नेट नेमकं त्याच दिवशी बंद पडते. मग लाईनमनला फोन. तो म्हणतो, उद्या येतो. त्याच्या 'उद्या'त आठवडा निघून जाते.

घोळ इथंच होते. लाईनमनला सांगितलेलं कंपनीच्या दप्तरी कुठंच राहत नाही. ग्राहक सेवा नंबरवर तक्रार करा अन् तक्रार क्रमांक मागून घ्या. त्याचा मेसेज पुसू नका.

दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमाप्रमाणे ब्रॉडबँडचा बिघाड 3 दिवसांच्या वर रखडला तर बिलात सूट द्यावी लागते. 7 दिवसांपर्यंत रखडला तर 7 दिवसांचं भाडं, 15 पर्यंत 15 दिवसांचं, त्यापुढे पूर्ण महिन्याचं. पण क्रमांकच नसेल तर दिवस मोजायचे कुठून?

ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कंपनीनं दाद दिली नाही, तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांच्या आत अपील करायचं. त्याला फी नाही. निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. प्राधिकरणाचा पत्ता कंपनीच्या वेबसाईटवर असते, जरा शोधावा लागते.