नेपल्स की पालेर्मो?

१८८४ साली नेपल्समध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ आली. या शहराचं पोट फाडल्याशिवाय ते सुधारायचं नाही, अशा अर्थाचं विधान पंतप्रधान देप्रेतिस यांनी केलं, आणि मातिल्दे सेराओ नावाची तरुण पत्रकार खवळली. ज्या पोटाबद्दल तुम्ही बोलता ते तुम्ही पाहिलंय का, असं विचारणारं तिचं पुस्तक त्याच वर्षी आलं. त्याचं नाव ‘इल व्हेन्त्रे दी नापोली’, नेपल्सचं पोट. गरीब माणूस इथे काय खातो, कितीला खातो, उधारी कशी चालते, हे तिने त्यात बारकाईने लिहिलं आहे. त्यात एक हकीकत आहे. नेपल्सच्या एका व्यावसायिकाने रोममध्ये पिझ्झाचं दुकान काढलं. रोममधले नेपल्सकर पहिल्यांदा तुटून पडले, पुढे गर्दी ओसरली. आपल्या गल्लीबाहेर तो पदार्थ उपरा वाटू लागला आणि शेवटी माणसाचं दिवाळं निघालं.

नेपल्सपासून रोम जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. तेवढं अंतर तेव्हा पिझ्झाला झेपलं नाही, आणि आज तो आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा घरपोच मिळतो. खाण्यासाठी प्रवास करणाऱ्याने या उलथापालथीचा विचार करायला हवा, असं मला वाटतं. दक्षिण इटलीत हाताशी मोजके दिवस असतील आणि नेपल्स किंवा पालेर्मो यांतलं एकच शहर निवडायचं असेल, तर मी पालेर्मो निवडीन. याचं मुख्य कारण हेच की नेपल्सचं अन्न जगभर गेलं, पालेर्मोचं बरंचसं घरीच राहिलं.

दोन्ही शहरं तशी सख्खी. दोन्ही बंदरं, दोन्ही १८६०पर्यंत बूर्बों घराण्याच्या एकाच राज्यात. सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच धर्तीचे खानसामे, आणि वाड्याबाहेर रस्त्यावर उभ्याउभ्या जेवणारी जनता, हे चित्र दोन्हीकडे सारखं. तरी स्वयंपाकाची तऱ्हा वेगळी.

नेपल्सने थोड्या जिनसा घेतल्या आणि त्यांच्यावर अपार कष्ट घेतले. व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या मातीत पिकणारे टोमॅटो, म्हशीच्या दुधाचं मोझरेल्ला, पीठ, मीठ. पिझ्झा करणाऱ्याचे हात पाहावेत. आंबलेल्या पिठाचा गोळा तो संगमरवरी ओट्यावर बोटांनी मधून दाबत जातो, कडेला हात लावत नाही, कारण तिथली हवा निघून गेली तर काठ फुगणार नाही. लाटणं वर्ज्य, तेही याच कारणाने. लाकडाच्या भट्टीत सव्वाचारशे अंशांच्या पुढे तापमान असतं आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. मधला भाग मऊ, जवळजवळ ओलसर राहतो, म्हणून घडी घालून हातात धरून खाता येतो. १९८४ साली तिथल्या कारागिरांनी संघटना स्थापून हे नियम लिहून काढले, २०१० साली युरोपीय संघाने त्यांना संरक्षण दिलं आणि २०१७ साली युनेस्कोने या कलेची दखल घेतली. १८८९ साली राणी मार्गेरीतासाठी तिरंगी पिझ्झा केल्याची गोष्ट मात्र जपून ऐकावी. तिचा पुरावा म्हणून दाखवलं जाणारं राजवाड्याचं पत्र अभ्यासकांना संशयास्पद वाटतं, आणि पिझ्झावर मोझरेल्ला व बेझिल घालत असल्याचे उल्लेख त्याआधीचे आहेत.

पिझ्झापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती शेवयांची, म्हणजे पास्ताची कथा, कारण ती दोन्ही शहरांना जोडते. एमिलिओ सेरेनी या शेतीच्या इतिहासकाराने १९५८ साली तिच्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. नेपल्सच्या लोकांना पूर्वी ‘पालेखाऊ’ म्हणत. कोबीवर्गातल्या पालेभाज्या आणि जोडीला थोडं मांस, असं त्यांचं जेवण. ‘माकारोनीखाऊ’ म्हणून चिडवत ते सिसिलीच्या लोकांना. सतराव्या शतकात नेपल्स भरमसाट वाढलं, मांस-भाजी परवडेना, आणि पीठ मळायची, पास्ता दाबून काढायची यंत्रं आल्याने तो स्वस्त झाला. तेव्हा चिडवायचं ते नावही समुद्र ओलांडून नेपल्सला येऊन चिकटलं. सिसिलीत हा धंदा किती जुना होता याचा लेखी पुरावा ११५४ सालचा आहे. नॉर्मन राजा रॉजर दुसरा याच्या पालेर्मोतल्या दरबारी बसून अल-इद्रिसी या भूगोलज्ञाने ग्रंथ लिहिला. पालेर्मोच्या पूर्वेला त्राबिया या गावी पाणचक्क्या आहेत, तिथे वाळवलेल्या शेवया इतक्या बनतात की जहाजं भरभरून मुसलमान आणि ख्रिस्ती मुलखांत जातात, असं तो नोंदवतो. टोमॅटोचं नंतरचं काम नेपल्सचं. आंतोनिओ लातीनी याच्या १६९२-९४मध्ये तिथेच छापलेल्या पाकग्रंथात ‘स्पॅनिश पद्धतीची’ टोमॅटोची चटणी आहे, मिरचीसकट.

पालेर्मोवर ८३१ ते १०७२ अरबांची सत्ता होती. पाटाचं पाणी, लिंबू-संत्र्यांच्या बागा, ऊस हे सगळं त्यांनी रुजवलं. ९७३ साली इब्न हौकल हा प्रवासी इथे आला. मशिदींची संख्या पाहून तो थक्क झाला, पण माणसं त्याला आवडली नाहीत. हे लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात आणि त्यानेच यांची बुद्धी मंद झाली आहे, असं त्याने लिहून ठेवलं. कांदा आजही तिथल्या बऱ्याच पदार्थांचा पाया आहे. स्फिंचोने हा जाडजूड, स्पंजासारखा पाव घ्या. वर टोमॅटो, अँचोव्ही, चीज, पावाचा भाजका चुरा, आणि हे सगळं मऊ शिजलेल्या कांद्यावर. तीनचाकी टेम्पोवर भोंगा लावून तो विकायला आणतात.

पालेर्मोचा स्वयंपाक मुख्यतः बदलीच्या जिनसांचा आहे, आणि यासाठीच मला त्याच्याबद्दल अतोनात आदर वाटतो. श्रीमंतांकडे अंजिरं खाऊन लठ्ठ झालेले छोटे पक्षी भाजून येत. गरिबाला पक्षी कुठला? त्याने तारलीच्या कुळातला सार्डिन मासा उघडून त्यात पावाचा चुरा, बेदाणे, चिलगोजे भरले आणि पक्ष्याच्या शेपटीसारखी माशाची शेपटी वर काढून ताटात मांडली. कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजी मुळात महागड्या माशाची होती आणि वांगं त्याच्या जागी आलं, असं मानतात. सगळ्यात थोर उदाहरण सार्डिनच्या पास्ताचं. रानबडीशेपेचा पाला, केशर, बेदाणे, चिलगोजे आणि सार्डिन, असा तो पदार्थ. ज्या घरी मासे घ्यायलाही पैसे नसत तिथे बाकी सगळं घालून पास्ता करत आणि त्याला म्हणत, सार्डिन अजून समुद्रातच असलेला पास्ता. गरिबीचं असं नाव ठेवणारा समाज मला खायला घालतो आहे, ही जाणीव तिथे जेवताना सारखी सोबत असते.

बाल्लारोच्या बाजारात पानेल्ले करणाऱ्याजवळ उभं राहावं. चण्याचं पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवतात, मीठ घालतात आणि मंद आचेवर न थांबता ढवळतात. पीठ घट्ट होऊन कडा सोडायला लागलं की चिरलेली पार्सली घालून पातळ थापतात. गार झालं की कापतात आणि उकळत्या तेलात सोडतात. फोडणी आणि हळद वगळली तर ही आपली पाटवडीच, शेवटी तळलेली. कडा कुरकुरीत, आत मऊ. तीळ लावलेल्या पावात चारपाच कापं सारून वर लिंबू पिळून देतात. सोबत बटाट्याची क्रोकेट हवी का, एवढंच विचारतात. हा पाव शाळकरी पोरापासून वकिलापर्यंत सगळे उभ्याने खातात. पिझ्झासारखी त्याची साखळी दुकानं जगभर निघाली नाहीत. तो खायचा तर इथेच यावं लागतं.

शेजारच्या कढईत बहुधा ‘पानी का मेउसा’ असतो. वासराची तिल्ली आणि फुप्फुस उकडून, काप करून डुकराच्या चरबीत परततात आणि पावात भरतात. नुसतं लिंबू पिळून घेतला तर तो ‘अविवाहित’, रिकोत्ता आणि किसलेलं चीज घातलं तर ‘विवाहित’. हा पदार्थ मध्ययुगीन ज्यू खाटकांचा, असं परंपरा सांगते: धर्मनियमांमुळे ते कत्तलीचे पैसे घेत नसत, मोबदल्यात आतडी-काळीज मिळे, आणि ते शिजवून ख्रिस्ती गिऱ्हाइकांना विकत. १४९२च्या राजाज्ञेने ज्यूंना सिसिलीतून हाकललं. त्यांचा पाव मागे राहिला.

शाकाहारी वाचकांनी दोन्ही शहरांत एक शब्द पाठ करावा: ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी. नेपल्सची अनेक पदरांची स्फोल्यातेल्ला, मिरीचे ताराल्ली, पालेर्मोच्या कान्नोलीची नळी यांत ती परंपरेने असते, आणि वरून काहीच कळत नाही. स्फिंचोनेत अँचोव्ही असते. पानेल्ले, क्रोकेट, कापोनाता हे तुलनेने निर्धास्त, तरी तेल कोणतं ते विचारावं. नेपल्सचा मारिनारा पिझ्झा, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेलाचा, तर चीज न खाणाऱ्यालाही चालतो.

पालेर्मोत कुठे खावं, हे ठरवताना दारावरची एक चिकटपट्टी पाहा. सिसिलीत माफियाला द्यायच्या हप्त्याला ‘पित्सो’ म्हणतात. लिबेरो ग्रास्सी या कपड्यांच्या कारखानदाराने तो देणार नाही असं वर्तमानपत्रातून जाहीर केलं आणि १९९१च्या ऑगस्टमध्ये त्याला घराजवळ गोळ्या घातल्या. २००४ साली काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर हप्त्याविरुद्धचे कागद चिकटवले, त्यातून ‘आद्दिओपित्सो’ ही संघटना उभी राहिली. हप्ता न देणारे दुकानदार तिची खूण दारावर लावतात. १८३४पासून चालणाऱ्या ‘आंतिका फोकाच्चेरिया सान फ्रान्चेस्को’च्या तेव्हाच्या मालकाने तर खंडणी मागणाऱ्यांना भर न्यायालयात ओळखलं. मी अशी खूण शोधून तिथेच पैसे खर्च करावेत या मताची आहे. प्रवाशाच्या हातात याहून सोपी मदत नाही.

आता ऋतू. ऑगस्टमध्ये दोन्ही शहरं टाळा. ऊन असह्य असतं आणि पंधरा तारखेच्या आसपास चांगली दुकानं बंद असतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पालेर्मोचं पारडं आणखी जड होतं. २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. रात्री घरचे पूर्वज येऊन मुलांसाठी खाऊ ठेवून जातात, अशी तिथली जुनी श्रद्धा. दुकानं साखरेच्या रंगीत बाहुल्यांनी भरतात. त्यांत कठपुतळ्यांच्या खेळातले शूर सरदार असतात. शेजारी बदामाच्या लगद्याची फळं, इतकी हुबेहूब की संत्र्याच्या सालीवरची बारीक छिद्रंसुद्धा दिसावीत. मठांतल्या साध्वींनी ही कला जपली. पियात्सा बेल्लीनीवरच्या सांता कातेरीनाच्या जुन्या मठात त्यांच्या रीतीची मिठाई अजून विकत मिळते. डिसेंबरात जाणाऱ्यांनी १३ तारीख साधावी. १६४६च्या दुष्काळात संत लुचियाच्या दिवशी गव्हाचं जहाज बंदराला लागलं आणि भुकेल्या लोकांनी दळायचीही वाट न पाहता गहू उकडून खाल्ले, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्या दिवशी अख्खं पालेर्मो पाव आणि पास्ता वर्ज्य करतं आणि भाताचे तळलेले गोळे, अरांचिने, खातं.

नेपल्स कुणी निवडावं? ज्यांना खाण्याइतकाच इतिहास हवा त्यांनी. पाँपेई तासाभराच्या आत आहे, आणि नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हेसुव्हियसच्या इसवी सन ७९च्या उद्रेकात कोळसा झालेला पाव काचेमागे ठेवला आहे. त्यावर फाका पाडण्याच्या खुणाही शाबूत आहेत. लहान मुलं सोबत असतील तरी नेपल्स सोपं. शिवाय तिथली कॉफी पालेर्मोहून सरस आहे, हे मी पालेर्मोची बाजू घेऊनही मान्य करते. ज्या माणसाला ओळखतही नाही त्याच्यासाठी एका कॉफीचे जादा पैसे भरून ठेवायची ‘काफ्फे सोस्पेसो’ची पद्धतही याच शहराची.

दोन्ही जमणार असेल तर आधी पालेर्मो आणि मग नेपल्स असा क्रम ठेवा. रात्रीची बोट दहा-अकरा तासांत पोचवते, विमान तासाभरात. मी रेल्वे सुचवीन. मेस्सीनाला गाडीचे डबे सुटे करून जहाजाच्या पोटात रुळांवर ढकलतात आणि सामुद्रधुनी ओलांडल्यावर पुन्हा जोडतात. त्या मधल्या वेळात जिना चढून वर डेकवर जाता येतं. तिथल्या उपाहारगृहात अरांचिनो मिळाला तर घ्या. तो पालेर्मोइतका चांगला नसतो, पण इटलीचा किनारा जवळ येईपर्यंत गरम राहतो.