कर्जरोख्यावरचा अंगठा

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी देशावरच्या कुणब्याच्या घरात कागद येई तो बहुधा दोनच वाटांनी: एक चावडीवरून, शेतसाऱ्याच्या मागणीच्या रूपाने, आणि दुसरा सावकाराच्या पेढीवरून, रोख्याच्या अथवा गहाणखताच्या रूपाने, आणि या दोन्ही कागदांशी त्याचा संबंध ते वाचण्याचा नसून त्यांच्याखाली अंगठा उठवण्याचा असे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि ती लाट नगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचली, तेव्हा जमावाने सर्वांत आधी मागितले ते कर्जरोखे, आणि ते हाती पडताच त्यांची होळी केली. ही हकीकत ध्यानात घेतल्यावाचून त्याच नगर जिल्ह्यातील लोणी बुद्रुकच्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या आयुष्याचा खरा अर्थ लागणार नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कागदाला काडी लावली होती, त्यांना पुन्हा एका कागदावर, आणि या खेपेस धाकाने नव्हे तर स्वखुशीने, अंगठा उठवावयास प्रवृत्त करणे हेच या शेतकऱ्याचे जीवितकार्य होते असे मला वाटते. त्यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना ही त्याची केवळ दृश्य निष्पत्ती.

विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण नाममात्रच होते, परंतु जमाखर्च, माणूस आणि जमीन या तिन्हींची पारख त्यांना उपजत होती. १९०४ च्या कायद्याने खेड्यापाड्यांत सहकारी पतपेढ्या निघू लागल्या होत्या. त्यांपैकी कित्येक सरकारी उत्तेजनाने जन्मल्या आणि सरकारी दप्तरातच निजल्या. १९२३ साली लोणी बुद्रुक येथे विठ्ठलरावांनी पतपेढी उभारली, ती मात्र गावाच्या गरजेतून निघाली होती. त्या काळच्या ग्रामीण पतपेढीचे तत्त्व मोठे कठोर होते. तिथे सभासदांची जबाबदारी अमर्यादित असे. म्हणजे एकाने घेतलेले कर्ज बुडाले तर त्याची झळ सर्व सभासदांना, आपापल्या जमीनजुमल्यासह, लागू शके. साहजिकच कोणाला बैलासाठी पैसे हवेत आणि कोणाला लग्नाच्या थाटासाठी, कोणाची नड खरी आणि कोणाची सबब, हे मामलेदारापेक्षा गावालाच अधिक नेमके ठाऊक असावे लागे. शेजाऱ्याच्या अब्रूला तारण मानणारी ही पद्धत पुढील सर्व कार्याची तालीम ठरली.

दरम्यान लोणी ज्या प्रवरा नदीच्या खोऱ्यात आहे त्या खोऱ्याचे रूप पालटत होते. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांचे पाणी दोन्ही तीरांवरील जिराईत जमिनींत खेळू लागले, आणि बाजरीच्या रानांत ऊस उभा राहिला. परंतु पाण्याबरोबर समृद्धी आपोआप येते ही समजूत या खोऱ्यानेच खोटी ठरवली. ऊस हे बड्या भांडवलाचे पीक: पाणीपट्टी, खत, बेणे, मजुरी हे सारे आधी ओतावयाचे आणि उत्पन्नासाठी वर्ष-दीड वर्ष वाट पाहावयाची. त्यातही ऊस पिकवून भागत नसे. गुऱ्हाळ मांडावे लागे, चुलवाणावर काहील चढवून गूळ करावा लागे, आणि तो गूळ ज्याच्याकडून आगाऊ उचल घेतली त्याच अडत्याच्या दारी न्यावा लागे. जागतिक मंदीच्या वर्षांत गुळाचा भाव कोसळला, तेव्हा पाण्याखाली आलेली जमीन हीच अनेकांना ओझे वाटू लागली. १९३२ मध्ये साखर उद्योगाला सरकारी संरक्षण मिळाले आणि खाजगी कारखानदारीला बहर आला. बेलापूर परिसरात अशा कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर खंडाने घेतल्या. मालकाने आपल्याच रानात मजुरीला जावे, असे दृश्य त्या काळी अपवादात्मक राहिले नव्हते.

१९४५ मध्ये बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष झाले. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा, या विचाराला येथे निश्चित आकार आला. विचार मांडणे ही परिषदेतील गोष्ट. पैसा जमवणे ही बांधावरची. विठ्ठलराव गावोगाव हिंडले. ज्याच्या डोक्यावर मुद्दलापेक्षा व्याजच अधिक झाले आहे, ज्याला दिवाणी अदालतीचा हुकूमनामा आणि जप्ती यांखेरीज मोहोरबंद कागद ठाऊक नाही, अशा माणसापुढे बसून, अद्याप ज्याची वीटही रचलेली नाही अशा कारखान्याचा भाग घ्यावयास त्याला राजी करावयाचे, हे काम व्याख्यानाने होणारे नव्हते. ते पतपेढीच्या वीस-बावीस वर्षांच्या चोख हिशेबाने झाले. या माणसाच्या हाती दिलेला पैसा जागच्या जागी राहतो, हा अनुभव पंचक्रोशीच्या गाठीस होता.

येथे श्रेयाची वाटणी न्यायाने केली पाहिजे, कारण आपल्याकडे एकाच पुतळ्याला सर्व हार घालण्याची खोड आहे. कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. मुंबई सरकारात अर्थ आणि सहकार ही खाती सांभाळणारे वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा नसता तर सरकारी साहाय्याची दारे उघडली नसती. सरकार आणि कर्ज देणाऱ्या संस्था यांचा भरवसा गाडगिळांच्या सहीवर बसला, शेतकऱ्यांचा विख्यांच्या शब्दावर. आणि या दोहोंपैकी एक जरी उणा पडता तरी कारखाना कागदावरच राहता. १९४८ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. गव्हाणीत मोळी पडली ती सभासदाच्या स्वतःच्या उसाची होती. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय.

कारखाना सहकारी म्हणजे काय, हे आजच्या शहरी वाचकाला थोडे उलगडून सांगावयास हवे. खाजगी कंपनीत ज्याचे भाग अधिक त्याचा आवाज मोठा. येथे पाच भाग असोत की पन्नास, सभासदाला मत एकच. शिवाय येथे ऊस विकणारा आणि ऊस घेणारा एकच असल्यामुळे उसाला कमी भाव देऊन नफा फुगवण्यात कोणाचे हित उरत नाही. हंगामाअखेर जे वाचेल ते उसाच्या दरातून सभासदाकडेच परत जावयाचे. हे तत्त्व जितके साधे तितकेच ते राखणे अवघड, कारण एक मत असलेला मनुष्य त्या मताची किंमत विसरला की कारखाना पुन्हा काही घरांचा होतो. महाराष्ट्रात पुढे अनेक ठिकाणी तसे झाले, कित्येक कारखाने कर्जात बुडून विकले गेले, आणि ज्यांच्या भागभांडवलावर ते उभे होते त्यांना त्याची कानोकान खबर नव्हती. आणखी एक उणीव या चळवळीच्या मुळापासूनच होती: कोरडवाहू मुलुखातून कोयता घेऊन येणारा ऊसतोड मजूर या भागीदारीच्या बाहेरच राहिला. विठ्ठलरावांविषयीच्या आदरामुळे हे लिहिण्याचे मी टाळणार नाही.

कारखान्याभोवती वसलेल्या प्रवरानगरात पुढे शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालय उभे राहिले. १९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. मंत्र्यांच्या यादीत त्यांचे नाव कधी आले नाही. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्म नारळी पौर्णिमेचा. ती तिथी महाराष्ट्र शासन शेतकरी दिन म्हणून पाळते.

प्रवरेच्या दोन्ही तीरांवर अजून अशी घरे असतील की ज्यांच्या पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेला त्या पहिल्या भागांचा दाखला असेल, आणि कदाचित त्याच गाठोड्यात फेडीची नोंद झालेला एखादा जुना रोखाही असेल. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते वाळवीच्या हवाली करू नयेत, रद्दीत घालू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून, तो भाग घेण्यासाठी त्या वर्षी काय विकले, काय गहाण टाकले, आणि कोणाच्या शब्दावर टाकले, हे त्याच्या तोंडून ऐकावे आणि तारीखवार लिहून ठेवावे. ते सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.