मातीचे थर वाचावयास शिकलेला विद्यार्थी

निमगाव केतकीच्या आसपास काय किंवा अवघ्या महाराष्ट्रात काय, गावठाणाच्या जागेस ‘पांढरी’ आणि शेतजमिनीस ‘काळी’ म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. जेथे पिढ्यान् पिढ्या माणसे नांदली तेथे चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींचा चिखल व फुटकी भांडी साचत जाऊन माती पांढरट होते, हे आपल्या वाडवडिलांस पुस्तकावाचून ठाऊक होते. ही माती पिकास मानवते, म्हणून ओसाड पांढरीचे टेकाड खणून ती शेतात नेऊन टाकण्याची चाल पडली. ह्या मातीबरोबर आणखी काय जाते, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावे एवढ्यासाठी आम्ही येथे एका विद्यार्थ्याची हकीकत सांगणार आहोत.

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १९०८ साली मुंबईस झाला. सेंट झेवियर कॉलेजातील फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदाच्या प्राचीन विद्यापीठावर प्रबंध लिहिला, आणि पुढील अभ्यासासाठी ते विलायतेस गेले. १९३६ साली त्यांस लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. परंतु ग्रंथालयात न मिळणारी एक विद्या त्यांस त्याच वास्तव्यात मिळाली. डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल नामक टेकडीवर १९३४ ते १९३७ पर्यंत मॉर्टिमर व्हीलर यांचे उत्खनन चालले होते. तेथे अनेक विद्यार्थी राबत; त्यांत सांकलियाही होते.

नावात ‘कॅसल’ असले तरी तेथे राजवाडा नाही की बुरूज नाही. सुमारे ४७ एकरांची गवताळ टेकडी, आणि तिच्याभोवती एकामागून एक उठविलेले मातीचे प्रचंड तट व खंदक, एवढेच डोळ्यांस दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या तटांच्या आत एक नगरच वसले होते म्हणा ना. वेशीपाशी समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे हजारोंनी साठविलेले सापडले. ते कशासाठी, हे गोफण फिरविणाऱ्या आमच्या मुलांस सांगावयास नको! इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली व लवकरच हा प्रदेश त्यांच्या हाती गेला.

तेथील घरे गोल असून लाकडाची व मातीची होती. ती केव्हाच नाहीशी झाली. मग ती सापडली कशी? मेख येथेच आहे. जमिनीत खांब रोवावयाचा तर खड्डा खणावा लागतो. पुढे खांब कुजतो, खड्ड्यात वरची माती भरते. पण ती माती आजूबाजूच्या न खणलेल्या मातीशी कधीच एकजीव होत नाही. मेडन कॅसलची टेकडी खडूच्या पांढऱ्या दगडाची. तीत असा खड्डा काळसर ठिपक्यासारखा उमटतो. ठिपके वर्तुळात आले की घर उभे राहिले!

दुसरा धडा थरांचा. पूर्वी पुष्कळ ठिकाणी वस्तू किती फूट खोल मिळाली एवढेच टिपून ठेवीत. हे फसवे असते. समजा, आपल्या आजोबांनी अंगणात दहा फुटी पेव खणले आणि त्यात त्यांचा एक पैसा पडला. आता दहा फुटांवर तो पैसा आणि शेजारी हजार वर्षांपूर्वीचे खापर, दोन्ही एकाच खोलीवर! म्हणून व्हीलर चौकोनी खड्डे पाडून मध्ये मातीचे बांध राखीत. बांधाच्या उभ्या कापावर थर स्पष्ट दिसत, आणि पेवाची कडही दिसे. वस्तूची नोंद व्हावयाची ती थरानुसार. पुढे १९४४ साली व्हीलर हिंदुस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख झाले व त्यांनी तक्षशिलेस हीच पद्धती शिकविली. त्यांच्याआधी त्या जागी असलेले काशिनाथ नारायण दीक्षित हे आपल्याच भीमाकाठचे, पंढरपूरचे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सांकलिया १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि तेथेच त्यांनी आयुष्य वेचले. नाशिक, जोर्वे, नेवासे ही त्यांची उत्खनने प्रसिद्ध आहेत. आम्हांस मात्र इनामगावचे अधिक अगत्य वाटते. शिरूर तालुक्यातील हे गाव घोड नदीकाठी आहे, आणि घोडेचे पाणी भीमेस मिळून आपल्या इंदापूर तालुक्याच्या कडेने जाते. १९६८ ते १९८३ पर्यंत तेथे सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनी टेकाड उकलले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० ह्या काळातील शंभराहून अधिक घरे निघाली. विटा नव्हेत, दगड नव्हेत. बहुतेक घरे ओळखली गेली ती सारवलेल्या जमिनी आणि खांबांचे खड्डे यांवरूनच. पाच खोल्यांचे एक मोठे घर व शेजारी धान्यकोठार सापडले. ते वस्तीच्या प्रमुखाचे असावे. पाणी वळविण्याचा पाटही होता. तान्ही मुले दगावली की दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून मग पुरीत. मृताने परत जाऊ नये अशी त्यांची इच्छा असेल काय?

आरंभी घरे प्रशस्त व चौकोनी आहेत. वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत ती जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पाऊस आटला, शेती खालावली, माणसे शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर जगू लागली, असा संशोधकांचा कयास आहे. दुष्काळ ही आपल्या तालुक्यास नवी गोष्ट नव्हे. पण तीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ केवळ चौकोनाचे वर्तुळ झाल्यावरून ओळखावा, ह्याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. ते थर वरखाली झाले असते तर त्या लोकांच्या हालांची वार्ता कोणासही लागली नसती.

मागे आमच्या एका विद्यार्थ्याने लाल खापराचा तुकडा वर्गात आणला होता. त्यावर काळ्या रेघांची नक्षी होती. कोठे मिळाला म्हणून विचारले, तेव्हा शेतात टाकलेल्या मातीत, असे तो म्हणाला. माती कोठून आली, हे त्याने घरी जाऊन वडिलांस विचारले. वडिलांनी ट्रॉलीवाल्यास विचारले. ट्रॉलीवाल्याने त्या उन्हाळ्यात तीन गावांची पांढरी वाहिली होती. ही खेप कोणत्या गावची, ते त्यास आठवेना.